कुंडीतील टोमॅटोसाठी साल निवडताना: आधी कण, मग लाकूड, मग वय, शेवटी जात

आपण लिहिले आहे की २० ते ४० लिटरच्या कुंड्यांत टोमॅटो घेताना विकतचे तयार मिश्रण दोन-अडीच महिन्यांत दबून घट्ट होते, पाणी वर तुंबून राहते आणि फळे धरण्याच्या ऐन वेळी झाडे मलूल पडतात. म्हणून आता झाडाच्या सालीवर आधारलेले मिश्रण घरीच तयार करायचे आहे. आपल्यासमोर तीन पोती आहेत: वाफ्यांवर शोभेसाठी पसरतात त्या मोठ्या तुकड्यांचे एक, ऑर्किडसाठी चाळलेल्या सालीचे दुसरे आणि 'कुजवलेली बारीक साल' एवढेच लिहिलेले तिसरे. यांपैकी कोणते घ्यावे, साल कोणत्या झाडाची असावी आणि सालीऐवजी लाकडाचा भुसा चालेल का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

तिसरे पोते घ्यावे, परंतु ते उघडून, हातात घेऊन आणि चाळून पाहिल्यावरच. भुसा चालणार नाही; त्याचे कारण पुढे येईलच. झाडाच्या जातीचा विचार अवश्य करावा, मात्र त्याचा क्रमांक चौथा. त्याआधी कणांचा आकार, सालीत मिसळलेल्या पांढऱ्या लाकडाचे प्रमाण आणि सालीचे वय या तीन गोष्टी पाहाव्या लागतात, आणि या तिन्हींविषयी पोत्यावरचा मजकूर सहसा काहीच सांगत नाही. एकाच नावाखाली मी एकदा उत्तम साल आणली आहे आणि पुढच्याच हंगामात निव्वळ भुकटी.

सालीकडे खत म्हणून पाहू नये. तिच्यात झाडाला लागणारी अन्नद्रव्ये नगण्य असतात आणि जी असतात ती लवकर मोकळी होत नाहीत. सालीचे काम सांगाड्याचे आहे: मुळांभोवती हवेच्या पोकळ्या राखणे आणि त्या हंगामाच्या शेवटपर्यंत टिकवणे. हा सांगाडा कशासाठी लागतो हे समजण्याकरिता कुंडीच्या तळाशी पाणी कसे अडून राहते ते आधी पाहावे लागेल.

भांडी घासण्याचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरावा. ठिबकणे थांबले की तो न पिळता, न दाबता, अरुंद बाजूवर उभा करावा. लगेच पुन्हा पाणी गळू लागते. स्पंज तोच आणि त्याची छिद्रेही तीच, बदलली ती केवळ उंची. बारीक छिद्रांमधील ओढ गुरुत्वाकर्षणाला न जुमानता ठरावीक उंचीपर्यंत पाणी धरून ठेवते, आणि स्पंज आडवा असताना ती उंची त्याच्या जाडीचा मोठा भाग व्यापते. कुंडीतही नेमके हेच घडते. पाणी देऊन निचरा पूर्ण झाला तरी तळाशी चिंब ओला थर उरतोच. त्याची उंची कुंडीच्या उंचीवर अवलंबून नसून मिश्रणातील पोकळ्यांच्या, म्हणजे पर्यायाने कणांच्या आकारावर अवलंबून असते. बारीक चाळलेल्या कंपोस्टमध्ये किंवा निव्वळ पीटमध्ये, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळात, हा थर कित्येक सेंटीमीटरांचा असू शकतो. कण ३ मिलिमीटरच्या वर गेले की तो जवळजवळ नाहीसा होतो. तळाशी खडे किंवा खापऱ्या घालण्याची जुनी सवय येथे कामी येत नाही, कारण चिंब थर त्यांच्या वर सरकतो एवढेच. मुळांना मिळणारी जागा मात्र तेवढी कमी होते.

टोमॅटोच्या मुळांना प्राणवायू भरपूर लागतो. तळाच्या चिंब थरात तो मिळत नाही, तेथील मुळे तपकिरी होऊन मरतात, आणि मग भर दुपारी कुंडी ओली असूनही झाड माना टाकते. पाहणाऱ्याला वाटते की पाणी कमी पडले, म्हणून तो आणखी पाणी घालतो. आपण वर्णन केलेली मलूल झाडे बहुधा याच फेऱ्यात सापडलेली असावीत.

आता कणांच्या आकाराकडे वळू. येथे थोडे तपशिलात जाणे आवश्यक आहे, कारण बहुतेक मिश्रणे येथेच बिघडतात. टोमॅटोसाठी सालीचा मोठा भाग ३ ते १० मिलिमीटरच्या दरम्यान असावा, १२ मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे जवळजवळ नसावेत, आणि ३ मिलिमीटरखालचा बारीक भाग थोडा अवश्य असावा. हा शेवटचा मुद्दा अनेकांना विचित्र वाटतो. निवडुंगासाठी किंवा मांसल पानांच्या झाडांसाठी सर्व बारीक भाग चाळून काढून टाकणे योग्य आहे. टोमॅटो मात्र पाण्याचा मोठा गिऱ्हाईक आहे. फळांनी लगडलेले पूर्ण वाढीचे झाड कडक उन्हाच्या दिवशी दोन-तीन लिटर पाणी सहज पिऊन टाकते, आणि फार जाडसर मिश्रणात एवढा साठा राहत नाही. त्यामुळे आपण दिवसातून किती वेळा पाणी देऊ शकतो, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर साल निवडताना आधी द्यावे. ठिबक नळी आणि वेळयंत्र लावलेल्या माणसाला जाडसर साल मानवते. जो सकाळी एकदा पाणी घालून कामावर जातो त्याने बारीक भाग थोडा अधिक असलेली साल घ्यावी.

चाळणीची परीक्षा अशी करावी. पोत्यातील १० लिटर साल मोजून घ्यावी आणि ती किंचित ओलसर असावी, कारण फार ओली असेल तर बारीक कण मोठ्यांना चिकटून राहतात. ती प्रथम १२ मिलिमीटर जाळीतून आणि मग ३ मिलिमीटर जाळीतून चाळून तिन्ही ढीग त्याच मापाने मोजावेत. वरच्या जाळीवर एक-दीड लिटर, मधल्या ढिगात साडेपाच-सहा लिटर आणि खाली पडलेला बारीक भाग अडीच-तीन लिटर असे आकडे आले तर ती साल फक्त मोठे तुकडे काढून जशीच्या तशी वापरावी. बारीक भाग तीन लिटरच्या पुढे गेला तर मिश्रणात पीट किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) जवळजवळ घालूच नये, कारण पाणी धरण्याचे काम ती भुकटीच करणार आहे. तो निम्म्यावर गेला तर सांगाडा उरलेलाच नाही असे समजावे.

येथेच एक गैरसमज दूर करतो. जुन्या घट्ट मिश्रणात दोन-चार मुठी जाड साल मिसळली की ते भुसभुशीत होते, अशी समजूत आहे. गोट्यांनी भरलेल्या बरणीत वाळू ओतली तर वाळू गोट्यांमधील पोकळ्यांत उतरते आणि बरणीची पातळी वाढत नाही. उलट वाळूने भरलेल्या बरणीत चार गोट्या खोचल्या तर गोट्यांभोवती पोकळी निर्माण होत नाही, वाळूच त्यांना चिकटून बसते. जाड कण एकमेकांना टेकतील इतके झाले तरच त्यांच्यामध्ये हवा राहते. म्हणून साल हा मिश्रणाचा मुख्य घटक असला पाहिजे, निम्म्याहून बराच अधिक. दहा-वीस टक्के साल घालून हवा वाढत नाही, पाणी धरण्याची क्षमता तेवढी कमी होते.

दुसरी परीक्षा लाकडाची. सालीचा तुकडा मोडून पाहावा. खरी बाह्य साल आतपर्यंत तपकिरी असते, पापुद्र्यापापुद्र्याने सुटते आणि बुचासारखी कट्कन मोडते. लाकूड आतून पांढरट किंवा पिवळसर असते, ते मोडत नाही, चिरफाळते, आणि त्याच्या सुईसारख्या तुसा बोटात शिरतात. हा फरक केवळ रूपाचा नाही. सालीतील कार्बन मुख्यतः लिग्निन आणि सुबेरिन या चिवट पदार्थांत अडकलेला असतो, आणि सूक्ष्मजीवांना तो सहजासहजी खाता येत नाही. लाकडात सेल्युलोजचे प्रमाण जास्त असते आणि ते सूक्ष्मजीवांचे आवडते खाद्य आहे. ते खाण्यासाठी त्यांना नत्र लागते, ते नत्र मिश्रणातूनच उचलले जाते, आणि खत घालूनही झाड उपाशी राहते. कार्बन आणि नत्र यांचे गुणोत्तर साल व भुसा दोन्हींत मोठेच असते, सालीतही ते शंभराच्या पुढे जाते. त्यामुळे नुसता तो आकडा पाहणारा फसतो. कार्बन किती आहे यापेक्षा तो किती लवकर खाल्ला जाणार आहे, हे महत्त्वाचे. भुसा का नको याचे उत्तर हेच आहे: तो नत्र ओढून घेतो आणि वर हंगामाच्या मध्यावरच बसून जातो.

याचा धडा मला स्वतःच्या खर्चाने मिळाला. एका हंगामात एका विक्रेत्याकडून मी साल न पाहता दहा पोती उचलली. कुंड्या भरताना पांढऱ्या चिरफाळ्या दिसत होत्या, पण तिकडे दुर्लक्ष केले. पाचव्या आठवड्यात खालची पाने फिकट पिवळी होऊ लागली. मी खताची मात्रा वाढवली, झाडे काही दिवस सावरली आणि पुन्हा पिवळी पडली. हंगाम संपला तेव्हा ३५ सेंटीमीटर उंचीच्या कुंडीतील मिश्रण चांगले ११ सेंटीमीटर खाली बसले होते आणि खोडाजवळची मुळे उघडी पडली होती. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या पोत्यातील दोन मुठी साल जुन्या वर्तमानपत्रावर पसरून शंभर तुकडे मोजतो. दहापर्यंत लाकडाचे निघाले तर चालते, वीसच्या पुढे गेले तर ते पोते टोमॅटोसाठी नाही. मोजायला पाच मिनिटे लागतात.

लाल, काळी किंवा चॉकलेटी रंगवलेली शोभेची 'साल' या परीक्षेत जवळजवळ नेहमीच नापास होते, कारण ती बहुधा साल नसतेच. टाकाऊ लाकडाचे तुकडे करून ते रंगवलेले असतात. रंगापेक्षा मला भीती वाटते ती त्या लाकडाच्या पूर्वायुष्याची. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून जुन्या इमारती लाकडाला आर्सेनिक व क्रोमियमयुक्त रसायने दिलेली असू शकतात, आणि ते लाकूड कोठून आले हे सांगणारे कोणी नसते. खाण्याच्या पिकाखाली ते नकोच.

तिसरी गोष्ट वय. ताजी साल लालसर किंवा दालचिनीच्या रंगाची असते, तिला राळेचा उग्र वास येतो आणि तिच्यावर टाकलेले पाणी थेंबाथेंबांनी घरंगळते. तिच्यातील टर्पिन आणि फिनॉल वर्गातील द्रव्ये कोवळ्या मुळांना त्रास देतात. ढिगाऱ्यात काही महिने राहिलेली, म्हणजे मुरलेली साल गडद तपकिरी होते, तिला पावसानंतरच्या रानातील पालापाचोळ्यासारखा वास येतो आणि पाणी तिच्यात चटकन शिरते. कुजवलेली साल याच्या पुढची पायरी: तिच्यात नत्र मिसळून, ओल राखून, ढीग पुन्हा पुन्हा पालटून आतील तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर नेलेले असते. कुंडीसाठी मुरलेली किंवा कुजवलेली, दोन्ही चालतात. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात हॅरी हॉइटिंक यांनी कुजवलेल्या सालीवर दीर्घकाळ संशोधन केले. नीट कुजवलेल्या सालीतील सूक्ष्मजीव पिथियम आणि फायटोप्थोरा या मूळकुजीच्या रोगकारकांना आळा घालतात, असे त्यातून पुढे आले. रायझोक्टोनियाच्या बाबतीत मात्र हा परिणाम तितका भरवशाचा नाही, आणि अर्धवट कुजलेल्या, सेल्युलोज शिल्लक असलेल्या सालीत तर ती बुरशी उलट पोसली जाऊ शकते. म्हणून सालीला औषध समजू नये.

जितकी जास्त कुजलेली तितकी चांगली, हेही खरे नाही. काळी पडलेली, चिमटीत घेताच पीठ होणारी साल जमिनीतील वाफ्याला उत्तम. कुंडीत तिचा सांगाडा महिन्याभरात मोडतो. तुकडा गडद असावा, पण चिमटीत दाबल्यावर त्याने प्रतिकार करावा.

पोते उघडताच सिरक्यासारखा, आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर थांबावे. ओली साल हवाबंद पोत्यात किंवा फार उंच ढिगाच्या पोटात राहिली की प्राणवायूअभावी तिच्यात ॲसेटिक आम्ल आणि इतर घातक द्रव्ये साचतात. सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; ७ च्या खाली आम्लधर्मी) ३ च्या आसपासही घसरतो आणि अशा सालीत लावलेल्या रोपाची पाने दिवसभरात कडेने करपू शकतात. ही साल फेकण्याची गरज नाही. ती पातळ थरात पसरून, रोज हलवून, दोनदा भरपूर पाण्याने धुऊन आठवडाभर उघड्यावर ठेवावी. वास गेला की ती वापरता येते. याउलट, पोत्यात पांढऱ्या बुरशीचे जाळे दिसले म्हणून लोक विनाकारण घाबरतात. ती सालीवर जगणारी बुरशी आहे, टोमॅटोवर नव्हे. जाळे धरलेली ढेकळे कोरडी राहतात व पाणी शोषत नाहीत, म्हणून ती हाताने फोडून ओली करावीत एवढेच.

शंका राहिलीच तर अळीवाला विचारावे. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतो आणि दूषित माध्यमाला फार संवेदनशील असतो, म्हणून या परीक्षेसाठी तो सोयीचा. एका बशीत नवी साल, दुसरीत पूर्वी वापरून खात्री पटलेले मिश्रण, दोन्ही सारखे ओले. प्रत्येकीत वीस बिया पेरून पाचव्या दिवशी मोजाव्यात. नव्या सालीत सोळा-सतराच्या खाली उगवण असेल, किंवा मुळांची टोके तपकिरी व आखूड दिसत असतील, तर साल आणखी मुरू द्यावी. हीच परीक्षा क्षारांचाही सुगावा देते. समुद्राच्या पाण्यातून तरंगत आणलेल्या ओंडक्यांच्या सालीत मीठ उतरलेले असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

आता जात. बाजारात सर्वाधिक आढळते ती पाइनची साल, आणि त्यामागे काही गूढ नाही: ज्या प्रदेशात ज्या झाडाच्या लाकडाच्या गिरण्या आहेत तेथे त्याची साल उपलब्ध असते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत लॉबलॉली पाइन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये रेडिएटा पाइन, फ्रान्स व पोर्तुगालमध्ये मॅरिटाइम पाइन, तर उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडे डग्लस फर असा हा हिशोब आहे. पाइन आणि फर दोन्ही टोमॅटोला चालतात. दोन्हींचा सामू आम्लधर्मी, पाइनचा साधारण ४ ते ५, म्हणून चुना लागतो. ओक, मॅपल यांसारख्या रुंदपर्णी झाडांच्या सालीचा स्वभाव वेगळा: ती लवकर कुजते, तिच्यात कॅल्शियम अधिक असते आणि कुजवल्यावर तिचा सामू ७ पर्यंत किंवा त्याच्याही वर चढतो. तिच्यात चुना घातला तर लोहाची कमतरता ओढवून घेतल्यासारखे होईल. ती ताजी तर मुळीच वापरू नये. नीट कुजवलेली असेल तर पाइनच्या सालीत एकतृतीयांशापर्यंत मिसळावी, असे माझे मत आहे. निलगिरी आणि अकेशिया यांच्या सालीत टॅनिन व फिनॉलची मात्रा मोठी असल्याने पूर्ण कुजवल्याखेरीज त्यांना हात लावू नये. एकच साल मी कोणत्याही अवस्थेत नाकारतो, ती काळ्या अक्रोडाची. तिच्यातील जुग्लोन हे द्रव्य अनेक वनस्पतींना बाधते, आणि टोमॅटो त्यांत सर्वांत हळव्या पिकांपैकी आहे.

मिश्रणासाठी पाच भाग साल, एक भाग पीट किंवा कोकोपीट आणि एक भाग परलाइट (उष्णतेने फुगवलेल्या ज्वालामुखी खडकाचे हलके पांढरे दाणे) हे प्रमाण बरेच प्रचलित आहे व सुरुवातीला तेच धरावे. दिवसातून एकदाच पाणी देणे शक्य असेल आणि कुंडी उंच असेल, तर तीन भाग साल, एक भाग कोकोपीट आणि अर्धा भाग परलाइट येथपर्यंत जावे. त्यापुढे गेल्यास सांगाडा पुन्हा बुडू लागतो. पीट वापरल्यास दर लिटर मिश्रणाला सुमारे ४ ग्रॅम डोलोमाइट चुन्याची पूड घालावी, कोकोपीट कमी आम्लधर्मी असल्याने त्याच्यासोबत अडीच-तीन ग्रॅम पुरते. भाजलेला कळीचा चुना किंवा विरवलेला चुना यासाठी वापरू नये. तो सामू एकदम वर फेकतो. चुना घातलेले मिश्रण ओलसर ठेवून एक-दोन आठवडे झाकून ठेवावे, म्हणजे सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान स्थिरावतो. मिश्रण करताना साल आधी ओली करावी आणि नाकातोंडावर मास्क बांधावा. कुंडीमिश्रणांच्या आणि कंपोस्टच्या धुळीतून लेजिओनेला लाँगबीची नावाचा जिवाणू फुप्फुसांत जाऊन गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. हा धोका विरळा असला तरी खरा आहे. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

कुंड्या भरण्यापूर्वी हवेचे मोजमाप घरच्या घरी करता येते, आणि मी ते टाळत नाही. साधारण १५ सेंटीमीटर उंचीचे, २ लिटर मापाचे, तळाला भोके असलेले भांडे घ्यावे. भोके चिकटपट्टीने बंद करून त्यात ओलसर मिश्रण काठोकाठ भरावे, भांडे जमिनीवर तीनदा हलके आपटावे आणि पातळी खाली गेली तर भर घालावी. मग कडेने अगदी सावकाश पाणी सोडावे, पृष्ठभाग चमकू लागला की थांबावे, दोन तासांनी पाणी मुरून खाली गेले असेल तर पुन्हा चमकेपर्यंत घालावे. आता भांडे परातीवर धरून पट्टी काढावी व तासभर निथळू द्यावे. परातीत ४०० मिलिलिटर पाणी आले तर भांड्याच्या २० टक्के जागेत हवा शिरली. या मापाच्या भांड्यात १५ ते २५ टक्के हा आकडा टोमॅटोला चांगला. तो दहाच्या खाली असेल तर साल फार बारीक आहे, तिसाच्या वर असेल तर पाणी देता देता आपणच थकू.

साल कितीही चांगली असली तरी पहिल्या काही आठवड्यांत ती थोडे नत्र अडकवतेच, म्हणून रोप लावल्याच्या पहिल्या आठवड्यापासून खत सुरू करावे. मिश्रणात संथपणे विरघळणारे खत आणि दर आठवड्याला पातळ विद्राव्य खत अशी जोड मला सोयीची वाटते. सूक्ष्म अन्नद्रव्ये त्यात असली पाहिजेत, कारण येथे माती नाही. नत्रासाठी युरिया किंवा अमोनियमयुक्त खतांपेक्षा कॅल्शियम नायट्रेट बरे; अमोनियमचा अतिरेक झाला की मुळे कॅल्शियम कमी उचलतात आणि फळांची बुडे काळी पडण्याला हातभार लागतो. बुडे काळी पडण्याचे नेहमीचे कारण मात्र पाण्याची अनियमितता हेच असते. सालीच्या मिश्रणात हा धोका वेगळ्या रूपाने येतो: साल पूर्ण सुकली की ती पाणी झिडकारते, आणि वरून घातलेले पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जाते. बशीत पाणी आले म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि मुळांचा गोळा आतून कोरडाच असतो. असे झाल्यास कुंडी मोठ्या टपात ठेवून खालून अर्धा तास पाणी शोषू द्यावे. हे टाळण्यासाठी मिश्रण करताना साल आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवावी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी ठिबकू नये.

आपल्या पहिल्या पोत्यातील मोठे तुकडे रंगवलेले नसतील तर ते वाया जाणार नाहीत. कुंडी भरल्यावर वरून तीन सेंटीमीटर थर दिला की पृष्ठभाग उन्हाने सुकत नाही. दुसरे, ऑर्किडचे पोते, तिसऱ्यातील साल फार बारीक निघाली तर तिला जाडी देण्यासाठी उपयोगी पडेल. त्यातील तुकडे १२ मिलिमीटर जाळीतून जाणारे असावेत आणि ते बारीक सालीच्या निदान दुप्पट घ्यावेत, नाहीतर बरणीतील गोट्यांची गोष्ट आठवावी. एका हंगामानंतर हे मिश्रण चाळून त्यात निम्मी नवी साल मिसळली की दुसऱ्या हंगामाला वापरता येते. ज्या कुंडीत झाड मर रोगाने गेले तिच्यातले मात्र पुन्हा टोमॅटो, वांगी किंवा मिरचीला देऊ नये.

तिन्ही पोती नापास झाली आणि गिरणीतून ताजी पाइनची साल मिळत असेल, तर ती घरी मुरवणे कठीण नाही. चाळून मोठे तुकडे काढावेत, दर लिटरला सुमारे एक ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून साल त्याने सगळीकडे सारखी ओली करावी, आणि जागा असेल तर घनमीटरभर ढीग करावा, नसेल तर भोके पाडलेल्या मोठ्या गोण्यांत भरावी. गोणीत ती ढिगासारखी तापत नाही, म्हणून वेळ अधिक लागतो. दर पंधरा दिवसांनी उपसून पालटावी, सुकली असेल तर पाणी शिंपावे. तीन-चार महिन्यांनी राळेचा वास उरलेला नसेल, मोडलेला तुकडा आतपर्यंत गडद दिसत असेल आणि त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब घरंगळण्याऐवजी लगेच जिरत असेल, तर अळीवाची बशी मांडून पाहावी.